कोळी चावला आणि घरात दोन तट पडले

पत्राचा सारांश: एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एका वाचकभगिनीचं पत्र आलं आहे. महिन्याभरापूर्वी त्यांच्या मोठ्या दिरांच्या नऊ वर्षांच्या मुलाला माळ्यावरची जुनी खोकी उतरवताना हाताच्या पंजावर कोळी चावला. कोळी दोघातिघांनी पाहिला आणि लगेच चपलेने चिरडला. सासऱ्यांनी मनगटाच्या वर दोरी आवळून बांधली आणि चीर देऊन विष काढण्यासाठी ब्लेड मागवलं. या भगिनीने नोकरीच्या ठिकाणी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं होतं. त्यांनी ब्लेड काढून घेतलं, दोरी सोडली, हात धुतला, बर्फ लावला आणि डॉक्टरांकडे जायची गरज नाही असं सांगितलं. मुलगा दुसऱ्या दिवशी बरा झाला. पण सासरे म्हणतात, दहा मिनिटं तरी दोरी होती म्हणूनच विष चढलं नाही. जाऊबाई म्हणतात, "माझ्या मुलावर तू प्रयोग केलास." मुलगा अजून अंथरुणात शिरायला घाबरतो. आता या भगिनीच्या पतीच्या मांडीवर गळू आलं आहे. तेही कोळ्याचंच, असं घरात सगळ्यांचं मत आहे आणि सासऱ्यांना "गुण आलेला" उपाय पुन्हा करायचा आहे. त्या विचारतात: माझं बरोबर होतं का? कोळी खरोखर विषारी असता तर? आणि पुढच्या वेळी मी गप्प बसू का?

तुमच्या पत्रात पुतण्याची हकीकत तीन पानं आहे आणि पतीच्या गळवाबद्दल शेवटी जेमतेम चार ओळी. मी उलट्या क्रमाने उत्तर देते. पुतण्या बरा झालेला आहे, घाई आहे ती त्या चार ओळींची.

त्या ओळींत तुम्ही लिहिलं आहे की कोळी कोणीच पाहिला नाही. सकाळी उठल्यावर मांडीवर लाल पुळी दिसली, चार दिवसांत ती दोन बोटं रुंद झाली, हात लावला तर गरम लागते, मधोमध पिवळं तोंड धरलं आहे आणि रात्री ठणका लागतो. पत्र वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण हे वर्णन कोळ्याच्या दंशापेक्षा जंतुसंसर्गाने झालेल्या गळवाशी कितीतरी जास्त जुळतं. आज-उद्याकडे त्यांना डॉक्टरांकडे न्या. गळू पिळू नका, सुई-ब्लेड लावू नका, दोरीचा तर प्रश्नच येत नाही. ताप आला, थंडी वाजली, लाली भराभर पसरू लागली किंवा गळवापासून जांघेकडे लाल रेघ निघालेली दिसली, तर त्याच वेळी निघा. मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि दवाखान्यात "कोळी चावला" म्हणून सुरुवात करू नका. "चार दिवसांपूर्वी पुळी आली, कशाने ते माहीत नाही" एवढंच सांगा. जे तुम्ही पाहिलं नाही ते डॉक्टरांना पाहिल्यासारखं सांगितलं, तर त्यांचंही लक्ष भलतीकडे जाऊ शकतं.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. अमेरिकेत नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंची गळवं घेऊन आलेले कितीतरी रुग्ण "कोळी चावला" असंच सांगतात, हे तिथल्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवलं आहे. रिक्लूज नावाचा, कातडी सडवणाऱ्या दंशासाठी बदनाम असलेला कोळी ज्या भागांत आढळतच नाही, तिथेही त्याच्या दंशाची निदानं झाली आहेत. उलट ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला, २००२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात फक्त तेच दंश धरले होते जिथे कोळी चावताना दिसला, पकडला गेला आणि जाणकारांनी ओळखला. असे ७५० दंश तपासले. त्यांतल्या एकाही दंशाची सडणारी जखम झाली नाही. रिक्लूजसारख्या कोळ्यांचा दंश काही वेळा खरोखरच चिघळतो, त्यामुळे अशी जखम कधी होतच नाही असं कोणी म्हणू नये. पण न पाहिलेल्या कोळ्यावर गळवाचा आळ घेतला की गळवाचा खरा उपचार राहून जातो, आणि त्यात नुकसान आपलं होतं.

कोळी रक्त पिणारा प्राणी नाही. झोपलेल्या माणसाला शोधत येऊन चावावं असं त्याला काहीच मिळायचं नसतं. तो चावतो तो दबला गेला तर: बुटात, वाळत घातलेल्या कपड्यात, खोक्याच्या कडेखाली, किंवा कुशीवर वळताना अंगाखाली. पुतण्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं, म्हणून त्या दंशावर माझा विश्वास बसतो. सकाळी उठल्यावर एका ओळीत तीन-चार खाजरे डाग दिसले तर मात्र ढेकूण, पिसवा किंवा डास यांचा विचार आधी करावा.

अशीच दुसरी एक समजूत घरोघरी असते: अंगावरून कोळी फिरला की फोड येतात. त्या फोडांमागे बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक म्हणजे पीडेरस नावाचा लहानसा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा भुंगा. तो दिव्याकडे येतो, मानेवर किंवा हातावर बसतो, आपण तो तिथेच चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक द्रव कातडीवर फासला जातो. लगेच काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी चटका बसल्यासारखा लाल पट्टा आणि फोड उठतात, आणि मधला भुंगा कोणाच्याच लक्षात राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि त्यांच्या आधी एक-दोन दिवस तिथे आग किंवा टोचणी असते. नागिणीची औषधं फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाली तर सर्वात चांगली लागू पडतात. कोळ्यावर लेप लावण्यात हेच तीन दिवस निघून जातात, म्हणून हे इथे लिहिलं. तुमच्या पत्राशी त्याचा थेट संबंध नसला तरी हे सदर वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरात आज हेच चाललेलं असू शकतं.

आणि एक याहून गंभीर. काय चावलं ते अंधारात दिसलंच नसेल आणि त्या ठिकाणी साप असण्याची जराही शक्यता असेल, तर "कोळीच असेल" म्हणून स्वतःची समजूत घालू नका. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही इतका हलका असू शकतो, खूण जेमतेम दिसते, सूज येत नाही. नंतर पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, श्वास अपुरा पडतो. अशा वेळी माणसाला चालू न देता, चावलेला अवयव न हलवता, सरळ रुग्णालयात न्यायचं. लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नाही.

आता पुतण्याकडे येऊ.

तुम्ही विचारता, माझं बरोबर होतं का? ब्लेड काढून घेतलंत ते शंभर टक्के बरोबर. चीर दिल्याने विष बाहेर येत नाही, तोंडाने ओढूनही येत नाही. ते केव्हाच ऊतींमध्ये पसरलेलं असतं. चिरेमुळे होतं ते एवढंच, की जिथे जखम नव्हती तिथे जखम होते, शीर किंवा स्नायूबंध कापला जाण्याचा धोका येतो आणि जंतूंना वाट मिळते. हाताच्या पंजावर तर हे सगळं कातडीखाली अगदी उथळ असतं. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातावर ती चीर पडली नाही, हे त्या दिवसातलं सर्वात मोलाचं काम झालं.

दोरी सोडलीत तेही योग्यच. आवळलेली दोरी रक्त अडवते आणि हाताला इजा करते, आणि ज्या कोळ्यांचं विष जागीच त्रास देतं, ते विष एका जागी कोंडून ठेवल्याने ठणका उलट वाढतो. तुमच्याकडे दोरी काही मिनिटांचीच होती म्हणून ती सोडण्यात अडचण नव्हती. पण इतर वाचकांसाठी सांगते: दोरी बराच वेळ बांधलेली असेल, हात निळा किंवा सुन्न पडला असेल, किंवा दंश सापाचा असण्याची शंका असेल, तर ती घरी झटक्यात सोडू नका. तशीच रुग्णालयात चला आणि डॉक्टरांसमोर सोडू द्या.

हात साबण-पाण्याने धुणं आणि गार शेक देणं, कोळ्याच्या साध्या दंशावरचा मुख्य उपचार हाच. मी प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवते तेव्हा लोकांना तो इतका साधा वाटतो की त्यावर विश्वास बसत नाही. यात तुम्ही जे केलं नाही किंवा पत्रात लिहिलेलं नाही, ते भरून देते. पहिलं काम जागेवरून बाजूला होण्याचं, म्हणजे दुसरा दंश नको. मग त्या हातातली अंगठी, कडं, घड्याळ, मनगटावरचा घट्ट धागा काढायचा. सूज चढल्यावर तेच आवळतं आणि मग कापावं लागतं. बर्फ थेट कातडीवर नको. कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, काढायचा, थोड्या वेळाने पुन्हा. हात उशीवर किंचित उंच ठेवला तर ठणका कमी होतो. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, मुलांना वजनाप्रमाणे, आणि मुलांना ॲस्पिरिन नाही. खाज फार असेल तर ॲलर्जीची गोळी चालते, मुलासाठी मात्र ती डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून. जागा उघडी राहू द्या. तिच्यावर कोणताही लेप, पाला, टूथपेस्ट थापू नका. कारण लेपाखाली रंग दिसत नाही, आणि पुढचे तास आपल्याला रंगच पाहायचा असतो.

कसा पाहायचा? लाली जिथपर्यंत आहे तिथे बॉलपेनने कड आखायची आणि शेजारी वेळ लिहायची. मोबाइलवर एक फोटो. काही तासांनी पुन्हा बघायचं. लाली रेघेच्या आत राहिली, दुखणं ओसरत गेलं, मूल खातंपितं, खेळतं, तर बहुतेक दंश एक-दोन दिवसांत विसरायला होतात. माझ्या मते घरातल्या प्रथमोपचाराच्या पेटीत एक बॉलपेन असायलाच हवं.

डॉक्टरांकडे गेलात की धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही विषय काढा. शेवटचं घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर पुन्हा लागेल का, ते ते ठरवतील.

आणि एका ठिकाणी मला तुमच्याशी असहमत व्हायचं आहे. "डॉक्टरांकडे जायची गरज नाही" हे ठरवण्याचा अधिकार तुमचा नव्हता. जाऊबाईंना न्यायचं होतं, तर न्यायला हवं होतं. मूल लहान होतं, कोळी कोणता ते कोणालाच माहीत नव्हतं आणि आई घाबरली होती. या तिघांपैकी एक कारणही पुरेसं होतं. लहान मुलं, वयस्कर माणसं, गर्भवती, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेले, यांच्या बाबतीत दवाखान्याकडे झुकतं माप द्यावं. प्रथमोपचार शिकलेल्या माणसाचं काम डॉक्टरांपर्यंतचा वेळ नीट सांभाळण्याचं असतं. डॉक्टरांची गरज नाही हे ठरवण्याचं ते काम नाही.

"कोळी खरोखर विषारी असता तर?" या प्रश्नामागे तुमचं एक गृहीत आहे. तुम्हाला वाटतं की कोळी ओळखता आला असता तर उपचार वेगळा झाला असता आणि तुम्ही निश्चिंत राहिला असता. खरं तर जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं. आजवर ५० हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांतल्या बहुतेकांचे विषदंत आपल्या कातडीत नीट शिरत नाहीत, किंवा शिरले तरी थोडी आग आणि सूज एवढ्यावर भागतं. माणसाला गंभीर त्रास देणारे गट बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांच्यासाठीही घरी करायचं ते बहुतांशी हेच: धुणं, गार शेक, स्वस्थ बसवणं आणि लक्षणं ओळखून वेळेवर निघणं. म्हणजे कोळी ओळखण्यापेक्षा लक्षणं ओळखणं घरच्या माणसाच्या जास्त कामाचं आहे. कोळी सहज मिळाला तर डबीत ठेवा, चिरडलेला असला तरी चालेल, किंवा फोटो काढा. पण त्याला शोधत माळा पालथा घालू नका.

लक्षणांचे दोन-तीन धागे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

विडो गटातले कोळी चावले की विष मज्जातंतूंवर काम करतं. चावलेली जागा फारशी भयानक दिसत नाही, पण तासाभरात किंवा काही तासांत दुखणं तिथून वर सरकतं: हातावर चावलं तर छातीकडे आणि पाठीत, पायावर चावलं तर पोटात. पेटके येतात, पोट लाकडासारखं कडक होतं, घाम फुटतो, मळमळ होते, रक्तदाब वाढतो. पोट इतकं कडक होतं की पोटाच्या शस्त्रक्रियेची गरज आहे असा गैरसमज होऊ शकतो. म्हणून इथे मात्र "कोळी चावला होता" हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. मृत्यू अगदी विरळा, पण वेदना सोसवत नाहीत, त्या रुग्णालयातच आटोक्यात येतात.

रिक्लूज गटाचं उलट आहे. चावताना कळतही नाही. दोन ते आठ तासांनी दुखायला लागतं, मध्ये फिकट किंवा निळसर डाग, भोवती लाली, फोड, आणि काही दिवसांनी तिथे काळी खपली. बहुतेक जखमा आपोआप भरतात, वेळ लागतो. पण थोड्या लोकांत, त्यातही मुलांत जास्त, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. ताप, अंगावर पुरळ, गडद तपकिरी लघवी, डोळे पिवळे: पहिल्या तीन दिवसांत यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. मुलाच्या लघवीचा रंग तीन दिवस विचारत राहणं हे काम कोणालाही जमेल आणि ते फार मोलाचं आहे.

आणि जागतिक यादीतला सर्वात घातक म्हणावा असा ऑस्ट्रेलियातला फनेल-वेब. त्याच्या दंशानंतर अर्ध्या तासाच्या आत तोंडाभोवती मुंग्या, लाळ, घाम, जिभेचे स्नायू फडफडणं, श्वासाला त्रास असं सुरू होऊ शकतं. तुमच्या सासऱ्यांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण या एका कोळ्याच्या आणि त्याच्या जवळच्या जातींच्या दंशात खरोखरच अवयव बांधतात. पण दोरीने नाही. रुंद लवचिक पट्टी बोटांपासून थेट वरपर्यंत, मुरगळलेल्या पायाला बांधतात तितकी घट्ट, वर फळी लावून अवयव अजिबात न हलवता, आणि ती सुटते ती रुग्णालयातच. १९८१ मध्ये तिथे प्रतिविष वापरात आलं, त्यानंतर या कोळ्याने एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. ही पद्धत इतर कोळ्यांना लावू नये. त्याच देशात विडो गटातल्या रेडबॅक कोळ्यासाठी मात्र पट्टी बांधू नका, फक्त गार शेक द्या, असं शिकवतात.

कोणताही कोळी असो, चेहरा, ओठ, जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वासात शिट्टीसारखा आवाज आला किंवा माणूस गळाठून गेला, तर ती तीव्र ॲलर्जी समजा. कोळ्यांमुळे ती क्वचितच होते, पण झाली तर हाती मिनिटं असतात. आडवं निजवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कोळी अधिक विषारी असता तरी दोरी आणि ब्लेड चुकीचेच ठरले असते. बदलला असता तो फक्त दवाखान्यात जाण्याचा वेग.

आता सासऱ्यांचा दावा. "दोरी होती म्हणून वाचला." तुम्ही म्हणता, "मी सोडली म्हणून वाचला." राग मानू नका, पण हे दोन्ही दावे एकाच मातीचे आहेत. बहुतेक दंश आपोआप बरे होतात, त्यामुळे त्या दिवशी काहीही केलं असतं, अगदी काहीच केलं नसतं, तरी बहुधा मुलगा दुसऱ्या दिवशी खेळत असता. बरं होण्याने उपाय सिद्ध होत नाही. मोठमोठ्या डॉक्टरांनाही हे कष्टानेच कळलं आहे. रेडबॅक कोळ्यावरचं प्रतिविष १९५६ पासून वापरात होतं, दिलं की रुग्णाला बरं वाटतं असा कित्येक डॉक्टरांचा अनुभव होता. मग काहींना वेदनाशामकांसोबत प्रतिविष आणि काहींना वेदनाशामकांसोबत नुसतं सलाइन देऊन, कोणाला काय दिलं ते न सांगता, तुलना केली. २०१४ साली तिचे निष्कर्ष छापून आले. वेदना कमी होण्यात प्रतिविषाचा ठोस असा फायदा दिसला नाही. अनेक दशकांचा, प्रामाणिक माणसांचा अनुभव होता तो. सासऱ्यांचा अनुभवही प्रामाणिक आहे. त्यांनी लहानपणापासून दोरी बांधताना पाहिलं, माणसं बरी झालेली पाहिली. त्यांना तुम्ही अडाणी ठरवाल तर ते ऐकणार नाहीत, आणि ते अडाणी नाहीतही.

म्हणून "माझं बरोबर की त्यांचं" हा वाद तुम्ही सोडून द्यावा असं मला वाटतं. तो सुटणारा नाही. त्याऐवजी पुढच्या वेळचं आधी ठरवून ठेवा. सगळे शांत असताना, जेवणानंतर वगैरे, सासऱ्यांजवळ बसा. "बाबा, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांत आधी धावलात. पुढच्या वेळी काय करायचं ते आपण एकदा डॉक्टरांना विचारून ठेवू या का? तुम्हीच विचारा." आणि पतीला दाखवायला न्याल तेव्हा सासऱ्यांना सोबत घेऊन जा. घरातल्या सुनेचं जे पटत नाही ते डॉक्टरांच्या तोंडून पटतं, हा अन्याय आहे हे मला मान्य आहे. पण इथे प्रश्न एका मुलाच्या हाताचा आहे, तेव्हा कोणाच्या तोंडून पटलं याला महत्त्व देऊ नका.

घाबरलेल्या माणसाचे हात रिकामे राहिले की ते दोरी शोधतात. प्रत्येकाला आधीच काम नेमून द्या. सासऱ्यांनी मुलाजवळ बसून त्याला हलू द्यायचं नाही आणि घड्याळ बघून कड आखायची. ज्येष्ठ माणसाचा शब्द ऐकून मूल शांत बसतं, ते तुमच्याने होणार नाही. कोणी गार शेक तयार करायचा, कोणी गाडीची व्यवस्था, कोणी मुलाच्या आधीच्या ॲलर्जीचा, औषधांचा कागद घ्यायचा. तुम्ही धुणं आणि तपासणं. जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक एका कागदावर लिहून आतल्या दाराला लावा.

आणि एवढं ठरूनही कोणी ब्लेड उचललंच तर? तेव्हा गप्प बसू नका. इथे मी दुसरा पर्याय देणार नाही. कापणं थांबवा, आवाज चढवावा लागला तरी थांबवा, माफी नंतर मागता येते. दोरीबद्दल मात्र वाद घालत वेळ घालवू नका. ती कोणी सोडू देत नसेल तर "बरं, मग आत्ताच रुग्णालयात निघू" म्हणा. तिथे ती सुटेल.

जाऊबाईंचं दुखणं वेगळं आहे. "प्रयोग" हा शब्द मला कठोर वाटला, पण त्यामागचं मला कळतं. त्या खोलीत आई होती, आणि तिच्या मुलाच्या हातावर दोन माणसं आपापलं ज्ञान लढवत होती. तिला कोणी विचारलं नाही. तिने डॉक्टरांचं नाव काढलं तेही बाजूला पडलं. तुम्ही जे केलंत ते समजावून सांगायला जाऊ नका. आधी एवढंच म्हणा, "ताई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊ म्हणालात ते मी ऐकायला हवं होतं." पुढचं बोलणं निघायचं तेव्हा निघेल. माझ्याकडे प्रथमोपचार शिकायला येणाऱ्यांना मी सांगते, की उपचार करताना तोंडाने बोलत राहा: "आता दोरी सोडते, कारण बोटं गार पडत आहेत. आता धुते. तुम्ही त्याचा दुसरा हात धरा." असं बोललं की आईच्या हाती काहीतरी राहतं.

राहिला पुतण्या. त्याला "घाबरतोस काय" म्हणू नका, आणि कोळी दिसला की सगळ्या घराने किंचाळून चप्पल उचलू नका. त्याला खरी गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरात रिक्लूज कोळ्यांचा सुळसुळाट झाला होता. त्या कुटुंबाने सहा महिन्यांत २,०५५ कोळी गोळा केले, संशोधकांनी त्याची नोंद केली. चार माणसांच्या त्या घरात एकालाही विषबाधा झाली नाही. कोळी आपल्यापासून लांब राहायला बघतो हे त्याला अशा आकड्यांतून पटेल, नऊ वर्षांच्या मुलांना आकडे आवडतात. मग झोपण्यापूर्वी त्याच्याकडूनच काही गोष्टी करून घ्या: पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढायचा, चादर आणि पांघरूण झटकायचं, ते जमिनीवर लोंबू द्यायचं नाही, बूट सकाळी आपटून मगच पाय घालायचा. माळ्यावरची खोकी पुन्हा उतरवायची असतील तेव्हा त्याला बोलवा, पण पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे घालून. पहिलं खोकं तुम्ही झटका, दुसरं त्याला झटकू द्या.